डायल टोन नाही

तांबरमच्या त्या भाड्याच्या घरात खोकी येऊन पडली तेव्हा १९९७ चा ऑक्टोबर संपत आला होता आणि बाहेर धो धो पाऊस लागला होता. महाराष्ट्रात पाऊस परतून दिवाळीचे आकाशकंदील लागतात, तेव्हा तमिळनाडूचा खरा पावसाळा सुरू होतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अकरा वर्षं न्यू जर्सीत काढून ती, तिचा नवरा आणि आठ वर्षांची मुलगी परत आले होते. परत म्हणायचं खरं. पण ती साताऱ्याची, तो सांगलीचा आणि नोकरी मिळाली ती चेन्नईच्या दक्षिण टोकाला, तांबरमच्या निर्यात प्रक्रिया क्षेत्रात. मायदेशी जायचं म्हणून निघालेली माणसं आणखी एका अनोळखी गावात येऊन उतरली होती. भाषा कळेना, दुकानाच्या पाट्या वाचता येईनात. सांगलीहून सासूबाई आल्या आणि घरात निदान चार माणसं मराठी बोलणारी झाली.

घर निवडताना तिने एकच हट्ट धरला होता. घरात टेलिफोन हवा. त्या काळी नव्या फोनसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे. या घरात घरमालकाचा फोन आधीपासून होता, म्हणून गळणारं न्हाणीघर आणि अंधारं स्वयंपाकघर तिने चालवून घेतलं.

फोनचा हट्ट गप्पांसाठी नव्हता. अमेरिकेत पहिली कितीतरी वर्षं ती घरातच होती. पुढे कागदपत्रं झाली, काम करायची परवानगी आली आणि एका प्रकाशकाकडून तिला घरबसल्या काम मिळू लागलं. जाडजूड पाठ्यपुस्तकांच्या शेवटी जी सूची असते, कुठला विषय कुठल्या पानावर ते सांगणारी, ती तयार करायचं काम. एकाग्रतेचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे तिचं स्वतःचं होतं. भारतात परतायचं ठरलं तेव्हा प्रकाशकाने म्हटलं, एका पुस्तकाचं काम तिकडून करून पाहा. पानं आम्ही कुरियरने पाठवू, सूची तुम्ही ई-मेलने पाठवायची. वेळेत आली तर पुढेही काम देऊ. म्हणजे आता सगळा भरवसा एका संगणकावर आणि एका टेलिफोनच्या तारेवर.

लाल बटण

परदेशातलं राहतं घर हलवून आणणाऱ्यांना सीमाशुल्कात थोडी सवलत मिळते. त्या सवलतीत बसेल ते सगळं त्यांनी आणलं होतं. संगणक, मॉनिटर, प्रिंटर, निरोप टिपून ठेवणारं आन्सरिंग मशीन, मुलीचं रेडिओ असलेलं गजराचं घड्याळ. घरमालकीणबाई कौतुकाने बघून गेल्या. अमेरिकेतली वस्तू म्हणजे उत्तमच असणार!

पहिला प्रश्न पिनांचा आला. अमेरिकेतल्या पिना चपट्या, आपल्या गोल. संगणकाच्या मागच्या बाजूला जी वायर खोचतात, तिचं संगणकाकडचं टोक मात्र जगभर सारखंच असतं. नवऱ्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून आपल्याकडची वायर आणली. ती संगणकात छान बसली, भिंतीतही छान बसली. तो बटण दाबणार एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अरे, लावायच्या आधी त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते तरी वाच. घाई कसली?"

त्याने वाकून पाहिलं. पाठीवर एक छोटंसं लाल सरकतं बटण होतं आणि त्यावर आकडा होता ११५.

या आकड्याचं महत्त्व समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत घरात येणाऱ्या विजेचा दाब साधारण १२० व्होल्ट असतो, आपल्याकडे २३०. त्या वेळच्या बऱ्याच संगणकांना दोन्ही चालत; पण कुठला देश आहे, ते त्या लाल बटणाने सांगावं लागे. बटण २३० वर ठेवून अमेरिकेत लावलं तर संगणक नुसता सुरू होत नसे, नुकसान काही नाही. उलट बटण ११५ वर ठेवून भारतात लावलं तर स्फोटासारखा आवाज, धूर आणि दुरुस्तीचा खर्च. कारण ११५ वर असताना आतली रचना आलेला दाब दुप्पट करून पुढे देते. तिला आधीच दुप्पट मिळाला तर ती त्याचीही दुप्पट करू बघते. पिन बसली म्हणजे वीज जुळली, असं नसतं.

बटण सरकवलं, संगणक सुरू झाला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

आन्सरिंग मशीन मात्र इतकं नशीबवान नव्हतं. त्याचा चौकोनी अ‍ॅडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा होता. गोल पिनांचा जोड लावून कुणीतरी तो भिंतीत खोचला. कुणी ते घरात अजून कबूल केलेलं नाही. दोन मिनिटांत जळका वास आला. सुदैवाने मशीन वाचलं, अ‍ॅडॅप्टर गेला. चेन्नईत रिची स्ट्रीट नावाची गल्ली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखी, इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाने खच्चून भरलेली. तिथून तेवढ्याच व्होल्टचा दुसरा अ‍ॅडॅप्टर मिळाला. दुकानदाराने आधी विचारलं, आतलं टोक धन की ऋण? मशीनच्या पोटावर त्याची छोटी आकृती असते. तीही वाचावी लागते.

दहा मिनिटं मागे

मुलीच्या घड्याळाची गंमत वेगळीच झाली. या वेळी सगळे शहाणे झाले होते. २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला, विटेएवढा जड. घड्याळ त्यावर लावलं. आकडे उजळले, रेडिओ वाजला. रात्री दहाला वेळ लावून सकाळी सहाचा गजर केला आणि सगळे झोपले.

सकाळी जाग आली ती दूधवाल्याच्या हाकेने. सूर्य वर आला होता. घड्याळात पाच वाजायला अजून वेळ होता! मुलीची शाळा बुडाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिने मनगटी घड्याळ समोर ठेवून मोजलं तेव्हा कळलं की हे घड्याळ दर तासाला बरोबर दहा मिनिटं मागे पडतं.

घड्याळ बिघडलेलं नव्हतं. ते प्रामाणिकपणे मोजत होतं, पण न्यू जर्सीचं मोजत होतं. विजेच्या तारेतला प्रवाह सेकंदाला अनेकदा दिशा बदलतो. अमेरिकेत अशी ६० आवर्तनं होतात, आपल्याकडे ५०. या जातीची घड्याळं आवर्तनं मोजून वेळ सांगतात. साठ झाली की एक सेकंद, असं त्याला शिकवलेलं. इथे सेकंदाला पन्नासच येतात, मग साठ भरायला त्याला जास्त वेळ लागतो. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब कमी करतो, पण आवर्तनं बदलत नाही. म्हणजे दाब अमेरिकेचा, आवर्तनं भारताची, अशा दोन दगडांवर ते घड्याळ उभं होतं.

मुलीला ते समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्याला अजून माहीतच नाही, आपण इकडे आलोय ते?"

तिला स्वतःला तरी कुठे पुरतं माहीत होतं? सकाळी जाग आली की तिचा हात अजून उजवीकडचा दिवा शोधायचा. तो दिवा न्यू जर्सीत होता.

दोन तारा

कुरियरने पानं आली. सहाशेच्या वर पानांचं जीवशास्त्राचं पुस्तक. मुलगी शाळेत आणि नवरा कामावर गेला की ती बसायची. पाऊस सुरूच होता. वीज जायची यायची, म्हणून दर दहा मिनिटांनी काम फ्लॉपीवर उतरवून ठेवायची. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूची पुरी झाली. सोमवारी सकाळी नऊला ती न्यूयॉर्कला पोचायला हवी होती. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. म्हणजे तांबरमच्या सोमवार संध्याकाळी साडेसातपर्यंत तिला वेळ होता.

इंटरनेटची सोय होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्त्याबरोबर मद्रासही होतं. नवऱ्याने ठरावीक तासांची वर्गणी भरून ठेवली होती. राहिलं होतं ते संगणकाच्या पोटातलं मोडेम टेलिफोनला जोडणं. संगणकाचे आकडे आवाजात बदलून फोनच्या तारेतून पाठवायचे आणि आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचे, हे मोडेमचं काम.

इथे पुन्हा जोड जुळेना. अमेरिकेतली फोनची वायर म्हणजे टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकचा चिमुकला चाप. तांबरमच्या भिंतीवर गोल डबी, तिच्यात दोन स्क्रू आणि फोनची वायर थेट त्यांनाच आवळलेली. पण टेलिफोनची एक गोष्ट विजेपेक्षा समजूतदार आहे. जगात कुठेही जा, साध्या फोनला शेवटी दोनच तारा लागतात. त्यांतून एक्स्चेंजच साधारण ४८ व्होल्टची वीज पुरवतं, म्हणून घरातले दिवे गेले तरी जुना फोन चालत असे. अमेरिकन वायरीतल्या चार तारांपैकी मधल्या लाल आणि हिरव्या, या दोन कामाच्या. नवऱ्याने त्या सोलून स्क्रूखाली आवळल्या. रिसीव्हर उचलला, तर घूंऽऽ असा नेहमीचा आवाज. फोन जिवंत होता.

रविवारी रात्री तिने संगणकाला चेन्नईचा नंबर फिरवायला सांगितलं. खट्ट आवाज झाला. क्षणभर शांतता. मग पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली, 'नो डायल टोन'. डायल टोन नाही.

तिने रिसीव्हर उचलून पाहिला. घूंऽऽ. होता की! पुन्हा प्रयत्न. डायल टोन नाही. नवऱ्याने स्क्रू पुन्हा आवळले, तारांची अदलाबदल केली. टोनऐवजी जुन्या पद्धतीने, टकटक ठोके देत नंबर फिरव असंही सांगून पाहिलं. उपयोग शून्य. नंबर फिरवण्यापर्यंत गाडी जातच नव्हती. आवाज माणसाला ऐकू येत होता आणि मशीन म्हणत होतं, कुठे आहे आवाज?

रात्रीचा एक वाजला. नवऱ्याच्या ऑफिसातून पाठवता आलं असतं. पण निर्यात क्षेत्रातल्या कंपनीच्या लाइनवरून खासगी मजकूर पाठवायला सक्त मनाई होती. फ्लॉपी कुरियरने धाडावी तर पोचायला चार-पाच दिवस. प्रकाशकाला फोन करून मुदत मागावी, तर पहिल्याच कामाला मुदत मागायची? आणि परदेशी फोनचा मिनिटाचा भाव त्या वेळी छातीत धडकी भरवणारा होता.

"जाऊ दे ना आता," नवरा म्हणाला. "इथे काहीतरी दुसरं बघू तुझ्यासाठी."

तो प्रेमानेच म्हणाला. पण ते वाक्य तिला रात्रभर टोचत राहिलं.

शेजारचे काका

सोमवारी सकाळी तिचा उतरलेला चेहरा पाहून सासूबाईंनी विचारलं. तिने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मग शेजारच्यांना विचार की. ते टेलिफोन खात्यातच होते. निवृत्त झालेत."

"तुम्हाला कसं कळलं आई?"

"त्यांच्या बायकोने सांगितलं."

"तमिळमध्ये?"

"अगं, मराठीत! ती माणसं मराठीच बोलतात घरात."

ती बघतच राहिली. दीड महिना भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं तिच्या कानांवर पडत होतं. चढउतारांचा तो हेल ऐकून तिने ते तमिळ किंवा कानडी म्हणून सोडून दिलं होतं. सासूबाई रोज दुपारी व्हरांड्यात त्या बाईंबरोबर भाजी निवडत बसायच्या. खाणाखुणांनी चालत असेल, अशी तिची समजूत.

"मलाही पहिल्या दिवशी कळलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्या काय म्हणतात ते दोन दिवस नुसतं ऐकलं. मग शब्द ओळखीचे वाटायला लागले. तू ऐकायला थांबलीच नाहीस."

ही तंजावरची मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापलं. ते १८५५ पर्यंत टिकलं. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात तिथलं सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीला आलं आणि १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला. राज्य गेलं, पण राज्याबरोबर आलेल्या घरांनी मराठी टिकवून धरली. काही शब्द जुने राहिले, काही तमिळमधून आले, हेल तर पुरता तिथला झाला. नोकऱ्यांच्या निमित्ताने यातली अनेक घरं पुढे मद्रासला आली.

काका आले. खिशात पेन, हातात छत्री. त्यांनी संगणकाकडे पाहिलंही नाही. रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि डोळे मिटले.

"लाइन चांगली आहे," ते म्हणाले. "थोडी ओल आहे पावसाची, पण चांगली आहे. अम्मा, तिकडच्या फोनचा टोन कसा होता, आठवतो?"

तिने आठवून पाहिलं. अकरा वर्षं ऐकलेला आवाज. "इतका खरखरीत नव्हता. सपाट होता. दोन सूर एकत्र धरल्यासारखा."

काका हसले. "बरोबर. दोनच असतात ते. आपला वेगळा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. अमेरिकेतल्या डायल टोनमध्ये ३५० आणि ४४० हर्ट्झ असे दोन सूर एकदम वाजतात. आपल्याकडचा टोन ४०० हर्ट्झचा आणि त्यात २५ ची थरथर मिसळलेली, म्हणून तो घुमल्यासारखा वाटतो. मोडेम अमेरिकेसाठी बनवलेलं. त्याला त्याच्या देशाचा सूर तेवढा ओळखता येतो. तो मिळेपर्यंत ते थांबतं आणि मग टोन नाहीच, असं सांगून मोकळं होतं.

"आता त्याला आपला टोन शिकवायचा कसा, ते मला ठाऊक नाही," काका म्हणाले. "संगणक माझ्या वेळी नव्हते. पुस्तक असेल ना त्याचं?"

मोडेमचं माहितीपुस्तक खोक्याच्या तळाशी होतं. नवऱ्याने आदल्या रात्री ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं होतं आणि कंटाळून ठेवून दिलं होतं. तिने ते उलटं धरलं आणि शेवटचं पान उघडलं. तिचा हात आपसूक तिकडेच गेला. सूची. 'डी' अक्षराखाली 'डायल टोन', त्याखाली 'दुर्लक्ष करणे', पुढे पान नंबर. ज्या कुणी ती सूची केली होती, तिने किंवा त्याने काम चोख केलं होतं.

मोडेमला हुकूम द्यायची एक ठरलेली भाषा असते. प्रत्येक हुकूम 'ए' आणि 'टी' या अक्षरांनी सुरू होतो. अटेन्शन, म्हणजे लक्ष दे. नेहमीच्या हुकुमात 'एक्स ४' असतं. त्याचा अर्थ, आधी डायल टोन ऐक, मगच नंबर फिरव. त्याजागी 'एक्स ३' लिहिलं की अर्थ होतो, टोनची वाट पाहू नकोस, दोन सेकंद थांब आणि फिरव. विंडोजमध्येही तेच काम करणारी एक चौकट होती, टोनसाठी थांबायचं की नाही ते विचारणारी. तिच्यातली खूण काढली की झालं. संपूर्ण दुरुस्ती एवढीच! शिकवायचं काही नव्हतंच. ओळखीच्या सुराचा हट्ट सोड, एवढंच त्याला सांगायचं होतं.

दुपारी पाऊस वाढला. ओल्या तारेत खरखर होती. पहिल्या वेळी नंबर फिरला, पलीकडून शिट्टी आली आणि मधेच तुटली. दुसऱ्या वेळीही तुटली. काका खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, "होईल. बाहेर बघा."

घराजवळून लोकल गेली. चेन्नई बीच ते तांबरम ही विजेची गाडी १९३१ सालची. "सुरुवातीला ही गाडी १५०० व्होल्ट डीसीवर चालायची," काका म्हणाले. "साठीच्या दशकात सगळं बदलून २५ हजार व्होल्ट एसी केलं. रूळ तेच, स्टेशनं तीच. माणसं तर रोज जायची यायचीच. अम्मा, बदलायला वेळ लागतो, पण गाडी बंद पडत नाही."

संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाऊस जरा थांबला. तिने तिसऱ्यांदा प्रयत्न केला. शिट्टी, खरखर, पुन्हा शिट्टी, मग शांतता. लागला. सूचीची फाइल अवघी चाळीस किलोबाइटची होती. आज एखाद्या छायाचित्रालाही याच्या कित्येक पट जागा लागते. त्या वेळच्या वेगाने ती जायला पाऊण मिनिट लागलं. ते पाऊण मिनिट घरातली चारही माणसं आणि काका पडद्याकडे बघत उभे होते. सासूबाई पुटपुटत होत्या. बहुधा रामरक्षा असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. दोन ओळींचं. सूची मिळाली, पुढच्या पुस्तकाची पानं पाठवत आहोत. दुपारी तिने पुरणपोळ्या केल्या आणि ताट झाकून शेजारी नेऊन दिलं. काकूंशी ती पहिल्यांदा मराठीत बोलली. पहिली काही वाक्यं दोघींनाही पुन्हा सांगावी लागली. तरीही ती तासभर बसून आली.

लेबल वाचायची सवय

या गोष्टीला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. आज देश बदलणाऱ्यांचं काम बरंच सोपं झालं आहे. लॅपटॉप आणि मोबाइल यांच्या चार्जरवर बहुधा '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलेलं असतं. तसं असेल तर फक्त पिनांचा जोड बदलायचा. लाल बटणाची गरज नाही, ट्रान्सफॉर्मर नको.

पण ती अजूनही ओळखीच्यांना सांगते, की लावायच्या आधी पाठीवरचं वाचा. केस वाळवायचं यंत्र, मिक्सर, इस्त्री, अशा उष्णतेच्या आणि मोटारीच्या वस्तू बहुतेक एकाच दाबाच्या असतात. त्या आणण्यापेक्षा इथे घेतलेल्या बऱ्या. अमेरिकेतले अनेक घरगुती कॉर्डलेस फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि तो पट्टा आपल्याकडे मोबाइल सेवेसाठी राखलेला आहे. म्हणून असा फोन इकडे आणून लावू नये. काही प्रिंटर जिथे घेतले त्या प्रदेशातलीच शाईची कुपी स्वीकारतात. तिकडच्या कंपनीशी करारात बांधलेला मोबाइल आधी सोडवून घ्यावा लागतो. २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनना सिमकार्डाची खाचच नसते. इलेक्ट्रॉनिक सिम चालतं की नाही, ते निघण्याआधी आपल्या मोबाइल कंपनीला विचारून ठेवावं. आणि इथून तिकडे जाणाऱ्यांनी भारतातला नंबर चालू ठेवावा, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. नंबर बंद पडला की आपल्याच पैशांना हात लावणं अवघड होऊन बसतं.

२०१३ मध्ये, ज्या वर्षी भारतातली तारसेवा बंद झाली त्याच वर्षी, तिची मुलगी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेली. तिकडे वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० आवर्तनं. पिनांचा जोड तेवढा वेगळा. बॅग भरताना आईने भिंग घेऊन प्रत्येक चार्जर तपासला. लेक हसत होती. माळ्यावरचं जुनं मोडेमचं खोकं काढताना त्यातून एक चिठ्ठी पडली. काकांच्या वळणदार अक्षरात त्यावर फक्त 'एक्स ३' लिहिलेलं. काका तोवर राहिले नव्हते, सासूबाईही नव्हत्या.

जर्मनीतून पहिल्या महिन्यात स्काइपवर लेकीचा चेहरा दिसायचा तो मलूल. एका रात्री ती म्हणाली, "आई, वसतिगृहात कुणाशी बोलावंसंच वाटत नाही गं. सगळे आपापसांत बोलतात. आपल्यासारखं कुणी नाहीच इथे."

आईला एकदम भिंतीपलीकडचा तो हेल आठवला, जो तिने दीड महिना ऐकूनही ऐकला नव्हता.

"त्यांनी आपल्यासारखं बोलायची वाट बघू नकोस," ती म्हणाली. "दोन सेकंद थांब आणि तूच सुरुवात कर."

पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग लेक हसली. "एक्स थ्री?"

"हो," आई म्हणाली. "एक्स थ्री."